वेब ॲप्लिकेशन सर्व्हरवरील वापरकर्ता-परवानग्या (लिनक्स)

लिनक्सवर चालणाऱ्या वेब ॲप्लिकेशनला कोणत्या फायली वाचता याव्यात, कोणत्या बदलता याव्यात आणि कोणत्या उघडताही येऊ नयेत, हे वापरकर्ता-परवानग्यांनी ठरते. प्रत्येक फाइलला एक मालक व एक गट असतो. मालक, गट आणि इतर यांना वाचणे (४), लिहिणे (२) व चालवणे (१) हे हक्क स्वतंत्रपणे दिले जातात, आणि तिघांच्या हक्कांच्या बेरजेचा एकेक अंक क्रमाने लिहून ६४० किंवा ७५० असे आकडे तयार होतात.

फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ म्हणजे आत शिरणे, आणि नवख्यांची गफलत बहुधा इथेच होते. मराठवाड्यातील जुन्या वाड्यात देवडी ओलांडल्याशिवाय माजघर गाठता येत नाही. तसेच वाटेतल्या एका जरी फोल्डरवर हा हक्क नसला, तर आतली फाइल सर्वांना वाचायला खुली असूनही सर्व्हर ४०३ (प्रवेश नाकारला) ही त्रुटी दाखवतो.

१०२४ च्या खालचे पोर्ट (नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्यांचे क्रमांकित दार) उघडायला विशेष अधिकार लागतो. म्हणून एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मुख्य प्रक्रिया सहसा रूट या सर्वाधिकारी खात्याने सुरू होते, पण आलेल्या विनंत्या कमी अधिकाराच्या खात्याकडे सोपवते. डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ते खाते ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ असते.

ॲप्लिकेशनला मात्र स्वतःचे, लॉगिन बंद असलेले खाते द्यावे. समजा, लातूरच्या बाजारातील सोयाबीन-तुरीचे भाव आणि आडतीच्या पावत्या ठेवणारे ॲप्लिकेशन ‘बाजारभाव’ या खात्याने चालते. त्याच्या कोडची मालकी देखभाल करणाऱ्याकडे, गट ‘बाजारभाव’, फोल्डर ७५० आणि फायली ६४०. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइलही ६४० वरच, पण मालक रूट. ॲप्लिकेशनच्या मालकीचा राहतो तो फक्त पावत्यांचा फोल्डर. यामुळे एखाद्या त्रुटीतून कोणी ॲप्लिकेशनचा ताबा मिळवला, तरी त्याला पावत्यांची नासधूस करता येईल, कोडचे एक अक्षरही बदलता येणार नाही. पावत्या म्हणूनच रोज दुसऱ्या यंत्रावर उतरवून ठेवाव्या लागतात.

अडचण आली की ७७७, म्हणजे सर्वांना सर्व हक्क, देऊन मोकळे होण्याची सवय घातक आहे, कारण त्यामुळे यंत्रावरच्या कोणत्याही खात्याला कोड बदलता येतो. त्याऐवजी संबंधित खाते योग्य गटात घालावे आणि सेवा पुन्हा सुरू करावी. चालू प्रक्रियेला नवा गट आपोआप लागू होत नाही. रेड हॅट घराण्यातील लिनक्स प्रणालींवर आकडे बरोबर असूनही एसईलिनक्स या जादा सुरक्षा-व्यवस्थेने फाइलला लावलेल्या चुकीच्या लेबलमुळे वाट अडू शकते, तेव्हा आकड्यांशी झटापट न करता आधी लेबल तपासावे.