मोटरसायकलचे स्पीडोमीटर कॅलिब्रेशन

गाडीचा खरा वेग आणि मीटरवरचा वेग यांचा बिघडलेला मेळ पुन्हा घालणे म्हणजे स्पीडोमीटर कॅलिब्रेशन; सीडीआय (स्पार्क देणारे इलेक्ट्रॉनिक युनिट), ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), इग्निशन कॉइल किंवा वायरिंग बदलल्यावर त्याची आठवण होते. कोल्हापुरातल्या गॅरेजमध्ये याला साधे ‘मीटर सेट करणे’ म्हणतात. आकडा बदलण्याचे काम पाच मिनिटांचे असते. चूक नेमकी कुठे शिरली हे शोधण्यात खरा वेळ जातो, आणि पुष्कळदा ती इंजिनात नसतेच.

याचे कारण असे, की स्पीडोमीटर इंजिन मोजत नाही, चाक मोजते. जुन्या गाड्यांत पुढच्या चाकाच्या हबमधल्या गिअरवरून केबल निघते आणि मीटरमधले लोहचुंबक फिरवते. त्या चुंबकामुळे शेजारच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवरा प्रवाह (गोल फिरणारे विद्युत प्रवाह) निर्माण होतात, वाटी ओढली जाते, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवते आणि या दोन ओढींचा तोल जिथे साधतो तिथे काटा थांबतो. ऑटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेल्या यामाहा आरएक्स १०० मध्येही होती. अशा गाडीला कितीही भारी सीडीआय बसवा, स्पीडोमीटरचा काटा तसूभरही चुकत नाही. चुकते ते इलेक्ट्रॉनिक आरपीएम मीटर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात ते दाखवणारे. ते इग्निशनचे स्पंद मोजते. नवी सीडीआय क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्पार्क देत असेल आणि मीटर दोन फेऱ्यांना एक स्पार्क धरून बनवलेले असेल, तर आकडा थेट दुप्पट दिसतो. ‘सीडीआय टाकल्यापासून मीटर बिघडलं’ अशी तक्रार आली की आधी कोणते मीटर, हे विचारावे.

नव्या गाड्यांत केबल नसते. सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टजवळ, चाकापाशी किंवा एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) दातेरी रिंगपाशी असतो. काही गाड्यांत त्याचे स्पंद थेट मीटरला जातात, काहींत ते आधी ईसीयू मोजते आणि तयार वेग मीटरला कळवते. या दुसऱ्या प्रकारात इलेक्ट्रॉनिक बदलाचा वेगाच्या आकड्याशी खरा संबंध येतो. फक्त इंधनाचा आणि टायमिंगचा मॅप बदलला तर वेगाचा गुणक, म्हणजे स्पंदांवरून वेग काढणारा आकडा, तसाच राहतो. पण दुसऱ्या मॉडेलचे ईसीयू बसवले तर त्याच्या पोटात त्या मॉडेलच्या टायरचा आणि दात्यांचा हिशेब असतो, आणि मीटर प्रत्येक वेगाला ठरावीक टक्क्यांनी चुकू लागते.

आकडे नाचू लागले तर दोष वेगळा असतो. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि ॲक्सिलरेटर पिळावा. चाक जागेवर आणि मीटरवर मात्र ३८, ११२, शून्य, पुन्हा ६० असे आकडे पळत असतील, तर ती इग्निशनची विद्युत गडबड सेन्सरच्या वायरमध्ये शिरलेली आहे. जोरकस कॉइलबरोबर रेझिस्टर (ही गडबड दाबणारा भाग) नसलेला प्लग लावला, कॉइलपासून प्लगला जाणारी हाय टेन्शन वायर सेन्सरच्या वायरला बांधून टाकली किंवा अर्थिंग रंगावरच आवळले, की हे हमखास होते. प्लग आणि त्याची कॅप रेझिस्टरची घ्यावी, वायरी वेगळ्या न्याव्यात, अर्थिंगखालचा रंग खरवडून स्क्रू पुन्हा आवळावा. हा दोष गुणक बदलून जात नाही. तरी लोक तोच बदलत बसतात, याचे वाईट वाटते.

स्थिर टक्क्यांची चूक बहुतेक वेळा इंजिनासोबत केलेल्या इतर कामांतून येते. ताकद वाढली म्हणून पुढचे स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) १४ ऐवजी १५ दात्यांचे लावतात. सेन्सर गिअरबॉक्सपाशी असेल तर मीटर ६० दाखवते तेव्हा गाडी ६४.३ ने धावत असते. टायरचेही तेच. ९०/९०-१७ चा घेर सुमारे १,८६५ मिलिमीटर, १००/९०-१७ चा १,९२२. म्हणजे सेन्सर किंवा केबल त्याच चाकावर असेल तर मीटर ३ टक्क्यांनी मागे पडते. गळीत हंगामात रात्री कागल-शिरोळच्या रस्त्यांवर मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात, गगनबावड्याकडे घाटाची वळणे असतात. तिथे वेग कमी दाखवणारे मीटर जास्त दाखवणाऱ्यापेक्षा कितीतरी घातक असते. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ मध्येही हेच तत्त्व आहे: मीटरवरचा वेग खऱ्यापेक्षा कमी दिसता कामा नये, ठरावीक मर्यादेत जास्त दिसलेला चालतो. म्हणूनच कंपनीतून आलेले मीटरही सहसा थोडे पुढे असते.

खरा वेग मोजण्यासाठी टायरमध्ये हवा बरोबर भरून, पहाटे रहदारी नसताना, पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या सपाट सरळ टप्प्यावर मीटर एका आकड्यावर स्थिर ठेवावे आणि जीपीएसचा आकडा मागे बसलेल्याने टिपावा. चालवणाऱ्याने मोबाइलकडे पाहू नये. घाटात डोंगराच्या आडोशाने जीपीएस फसते. मोबाइल नसेल तर घड्याळ पुरते. मीटरवर ६० ठेवून किलोमीटरच्या दगडांमधले ५ किलोमीटर कापायला ५ मिनिटे २० सेकंद लागली, तर खरा वेग ताशी ५६.२५ किलोमीटर. एकाच दगडावर विसंबू नये, काही दगड जागेवरून सरकलेले असतात.

दुरुस्तीआधी ओडोमीटर (चाललेले किलोमीटर मोजणारा आकडा) तपासावे, हा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. अनेक गाड्यांत काटा मुद्दाम पुढे असतो पण अंतर जवळपास बरोबर मोजले जाते, आणि दोन्ही त्याच स्पंदांवर चालतात. काटा जीपीएसशी तंतोतंत जुळवण्याच्या हट्टापायी स्पंद कमी केले, तर किलोमीटर कमी पडू लागतात. त्यामुळे जुळवायचे ते अंतर. स्पंदांना टक्केवारीने गुणणारी छोटी डबी सेन्सर आणि मीटरच्या मधल्या वायरवर बसवतात; वरच्या स्प्रॉकेटच्या उदाहरणात तिच्यात अधिक ७.१ टक्के भरावे लागतात. ती ईसीयूच्या आधी बसवली तर गिअर दाखवणारा आकडा चुकू शकतो. एबीएसच्या रिंगचे दाते वेगळे असतील तर डबी लावू नये, योग्य रिंगच बसवावी, कारण त्याच आकड्यांवर ब्रेकही चालतात.

केबलच्या मीटरसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या लेथवर गिअर करून मिळू शकतो, फक्त हिशेब आधी हवा. केबल मीटरकडून सोडवून आतल्या तारेला कागदाची चिंधी चिकटवायची, टायरवर खडूची खूण करायची आणि चाक हाताने दहा फेऱ्या फिरवायचे. किलोमीटरला १,४०० फेऱ्यांचे मीटर असेल आणि घेर १.९२ मीटर असेल, तर चिंधी जवळपास २७ वेळा फिरली पाहिजे. ३० वेळा फिरली तर हबमधला गिअर दुसऱ्या गाडीचा आहे.

मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. मीटर अचूक करण्याला यामुळे अडकाठी येत नाही. चाललेले किलोमीटर मागे घेणे मात्र पुढच्या मालकाची फसवणूक आहे. मीटर किंवा गुणक बदलला त्या दिवशीचा जुना आकडा, नवा आकडा आणि तारीख सर्व्हिस बुकात लिहून ठेवावी.