पहिल्या पावलाचं वय कुणी ठरवलं?

पंधरा महिन्यांचं मूल सोफ्याची कड धरून उभं आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवं सरकतं, मधेच एक हात सोडून बघतं, तोल जातोय असं वाटलं की धपकन बसतं आणि उरलेलं अंतर रांगत कापतं. आई कौतुकाने बघत असते, आणि मनातल्या मनात महिनेही मोजत असते. ‘वर्षाचं झालं की चालायला हवं’ हे तिने इतक्यांदा ऐकलेलं असतं, की पुढचा प्रत्येक आठवडा तिला उशीर वाटतो.

मुलाला लवकर उभं करण्याची घाई जुनी आहे. सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपात रांगणं जनावरासारखं मानलं जाई. म्हणून बाळाला चाकांच्या पांगुळगाड्यात उभं करत, झबल्याच्या खांद्यांना पट्ट्या शिवून त्या धरून चालवत, आणि पडलंच तर डोक्याला लागू नये म्हणून गुबगुबीत टोपी घालत. १७६२ साली तत्त्वज्ञ रूसोने या साऱ्याला विरोध केला. मुलाला मोकळ्या कुरणात सोडा, दिवसातून शंभरदा पडू दे, असं त्याचं म्हणणं होतं. पण तेव्हाच्या वादात महिन्यांचा हिशोब फारसा नव्हता.

तो आला विसाव्या शतकात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अर्नोल्ड गेझेल यांनी १९११ मध्ये बालविकासाचं केंद्र सुरू केलं. पुढे चलचित्र कॅमेऱ्याने शेकडो बाळांचं चित्रण करून मूल कुठल्या वयात काय करतं याचे तक्ते त्यांनी तयार केले. विकासाचा क्रम शरीरातच लिहिलेला असतो, वेळ आली की तो उलगडतो, असा त्यांचा सिद्धान्त. काम मोठं होतं, यात शंका नाही. पण ती बाळं बहुतांश एकाच शहरातल्या मध्यमवर्गीय गोऱ्या घरांतली होती. शिवाय तक्त्यातलं वय सरासरीचं होतं, म्हणजे बरीचशी धडधाकट मुलं त्यानंतरच तिथवर पोहोचणार हे त्यात गृहीतच होतं. घराघरांत मात्र तो आकडा शेवटची तारीख म्हणून पोहोचला. आजही आईवडिलांच्या जिवाला लागणारा घोर बराचसा या एका गैरसमजातून येतो, असं मला मनापासून वाटतं.

सरावाने मूल लवकर चालतं का, हा प्रश्नही तेव्हाचाच. मानसशास्त्रज्ञ मर्टल मॅकग्रॉ यांनी १९३०च्या दशकात जॉनी आणि जिमी या जुळ्यांपैकी जॉनीला रोज सराव दिला. तो दोन वर्षांचा होण्याआधी चाकांच्या बुटांवर फिरू लागला, पण चालण्यात दोघांत फारसा फरक पडला नाही. १९४० मध्ये वेन आणि मार्सिना डेनिस या दांपत्याने अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही बाळांना सुरुवातीचे महिने बराच वेळ फळीला गुंडाळून ठेवलेलं असे, काहींना नाही. दोन्ही गटांचं चालण्याचं सरासरी वय जवळपास सारखंच निघालं, सुमारे १५ महिने.

म्हणजे सगळं निसर्गाच्या हाती? तसंही नाही. १९७२ मध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो यांच्या प्रयोगात, नवजात बाळाला उभं धरलं की ते जी आपोआप पावलं टाकतं, त्यांचा रोज थोडा सराव करून घेतला. ती बाळं लवकर चालली. १९७६ मध्ये चार्ल्स सुपर यांनी केनियातून दाखवलं की तिथल्या आया बसणं आणि चालणं मुद्दाम शिकवतात, आणि नेमक्या त्याच गोष्टी बाळांना लवकर येतात. या सगळ्यात मला सर्वांत सुंदर वाटतो तो एस्थर थेलन यांचा १९८४चा प्रयोग. नवजात बाळाची ती पावलं दोन-तीन महिन्यांत नाहीशी होतात. मेंदूच्या वाढीमुळे ती दबतात, अशी समजूत होती. थेलन यांनी बाळांचे पाय कोमट पाण्यात बुडवले, आणि पावलं परत आली! बाळसं धरल्यावर पाय जड झाले होते, ते उचलायची ताकद मागे पडली होती, इतकंच. पहिलं पाऊल वजन, ताकद, तोल आणि धीर या सगळ्यांचा मेळ बसला की पडतं.

आकड्यांची मांडणीही हळूहळू सुधारली. मुलांचा विकास तपासणाऱ्या १९६७च्या डेन्व्हर चाचणीत एका ठिपक्याऐवजी पट्टा आला : २५ टक्के मुलं कधी, ९० टक्के कधी. मग २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेतल्या ८१६ निरोगी मुलांची नोंद प्रसिद्ध केली. आधाराशिवाय चालण्याचा पट्टा निघाला ८.२ ते १७.६ महिने. त्यातली ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. बसल्या बसल्या ढुंगणावर सरकणारी मुलं तर बहुधा उशिराच उभी राहतात, आणि ही सवय अनेकदा घराण्यात असते.

डॉक्टर मानतात ती दीड वर्षाची रेघ या पट्ट्याच्या टोकाशी जुळते. तोवर मूल स्वतंत्र चाललं नाही तर तपासणी करायची, टाळायची नाही. खुब्याचा सांधा, स्नायूंचा ताण, मुडदूस, थायरॉइड हे डॉक्टर बघतात. मुलग्यांमध्ये स्नायूंच्या ड्युशेन आजारासाठी रक्तातलं सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं द्रव्य, तपासतात. मूल एकाच बाजूचा हातपाय वापरत असेल, अंग फार सैल किंवा ताठ असेल, येत असलेलं करेनासं झालं असेल, तर दीड वर्षाची वाट बघूच नये. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय मोजायचं ते अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून.

चाकांच्या वॉकरने मूल लवकर चालत नाही. जिन्यावरून कोसळण्याचा धोका मात्र असतो. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. नुसती मोकळी जमीन, अनवाणी पाय आणि धरायला स्थिर कड जास्त कामाची. न्यूयॉर्कमध्ये कॅरेन अ‍ॅडॉल्फ यांच्या गटाने १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची खेळतानाची पावलं मोजली, तेव्हा तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं अशी नोंद झाली. सोफ्याजवळचं ते धपकन बसणंही याच हिशोबातलं आहे.