पहिल्या ओळीतलं 'एसएच' म्हणजे नक्की कोण?

कमांड लाइनवरची कामं ऑटोमेट करायला बॅश (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, म्हणजे शेल) घ्यावं की पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा, हा वाद रोजचाच, पण त्यातला निम्मा गोंधळ भाषेचा नाहीच, स्क्रिप्टच्या, म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या फाइलच्या, पहिल्या ओळीत ती कोणी चालवायची हे सांगायला लिहितात त्या 'एसएच' (sh) या नावाचा आहे. १९७९ च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या नावामागे एकच शेल होतं. पुढे १९८९ मध्ये बॅश आलं, १९९१ मध्ये पायथॉन, आणि लिनक्सवर एसएच म्हणजे बॅशच अशी सगळ्यांची समजूत होऊन बसली.

ती मोडली २००६ च्या ऑक्टोबरमध्ये. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या ६.१० व्हर्जनमध्ये एसएच हे नाव बॅशवरून काढून डॅश या हलक्या शेलला जोडलं. कारण वेगाचं होतं, मशीन बूट होताना ढीगभर छोट्या स्क्रिप्ट्स चालतात आणि दर वेळी बॅशसारखं जड शेल सुरू करायचं म्हणजे वेळ जाणारच. लोक प्रचंड चिडले, कालपर्यंत चालणाऱ्या स्क्रिप्ट्स अपग्रेड केल्या केल्या बंद पडल्या म्हणून. पण पहिल्या ओळीत एसएच लिहून खाली बिनधास्त बॅशच्या सोयी वापरल्या होत्या त्या आपणच ना? मला तरी तो निर्णय बरोबरच वाटतो, नंतर २०११ मध्ये डेबियन ६ या दुसऱ्या लिनक्सनेही तेच केलं.

त्रास मात्र खरा होता. साधी चौकटी कंसातली तुलना घ्या, बॅशला तिथे == चालतं, डॅशला फक्त =. इफमध्ये == लिहिलं की डॅश एक एरर छापतं, पण स्क्रिप्ट थांबत नाही, अट खोटी धरून सरळ एल्सकडे जाते. आणि ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन मुळात कमांड एसएचनेच चालवतो, म्हणजे टर्मिनलवर बॅशमध्ये नीट चाललेली ओळ रात्री वेगळंच काहीतरी करते आणि सकाळपर्यंत कोणाला पत्ता नसतो.

मग वैतागून माणसं पायथॉनकडे वळली, तर तिथेही नावाचाच घोळ, २००८ मध्ये पायथॉन ३ आलं आणि नुसतं 'पायथॉन' टाइप केलं की २ उठणार की ३ हे मशीनवर अवलंबून. २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, मॅकवरून तर २०२२ मध्ये १२.३ व्हर्जनला ते काढूनच टाकलं.

मॅकवर बॅशचीही तीच कथा. बॅश ४ पासून लायसन्स बदललं, म्हणून तिथे ३.२ च राहिलं आणि २०१९ मध्ये डिफॉल्ट शेल झेडएसएच हे वेगळंच झालं. असोसिएटिव्ह ॲरे (नावाने माहिती साठवणाऱ्या याद्या) बॅश ४ मध्ये आले, त्यामुळे ते वापरलेली स्क्रिप्ट मॅकच्या स्वतःच्या बॅशवर आजही चालत नाही.