पणजोबांच्या मृत्युपत्राची नक्कल: विदर्भात अर्ज का परत येतो आणि काय केलं की मिळते

वंशावळ लिहायला घेतली की तिसऱ्या-चौथ्या पिढीपाशी घोडं अडतं. पुढची नावं जुन्या मृत्युपत्रांत आणि वारस फेरफारांत (खातेदार वारल्यावर जमिनीवर वारसांची नावं चढवल्याच्या नोंदींत) असतात, पण दुय्यम निबंधक कार्यालयात दिलेला अर्ज बरेचदा परत येतो. शेरे ठरलेले: मृत्यूचा पुरावा नाही, वारस असल्याचा पुरावा नाही, वर्ष नमूद नाही, दस्त या कार्यालयाचा नाही. यातल्या वारसाच्या शेऱ्याला कायद्यात आधार नाही, आणि खेड्यातली माणसं सगळ्यात जास्त त्याच्याच पायी दमतात.

मृत्युपत्रं नोंदवली जातात पुस्तक क्रमांक ३ मध्ये. नोंदणी अधिनियम १९०८, कलम ५७(२) सांगतं की लिहून देणारा हयात असेपर्यंत नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळेल. तो मयत झाल्यावर अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळेल. कोणालाही म्हणजे नातं सिद्ध करायची अट नाही. तरी ‘आधी वारस दाखला आणा’ म्हणून माणसाला कोर्टाच्या वाटेला लावतात. वारस कोण होते हे कळावं म्हणून तर तो मृत्युपत्र मागतोय! अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘कलम ५७(२) अन्वये’ असं लिहा. तोंडी नकार ऐकून घरी परतू नका. अर्जावर पोच घ्या, नकाराचं कारण लेखी मागा आणि ते घेऊन सह जिल्हा निबंधकांकडे जा.

आता खरा अडसर. लिहून देणारा मयत आहे हे दाखवावं लागतं, आणि १९३५ साली वारलेल्या माणसाचा मृत्यू दाखला कोणाच्याच घरी नसतो. त्यासाठी आज नव्याने उशिराची मृत्यू नोंद करायला जाऊ नका. ती वेगळी, लांबची प्रक्रिया आहे; एक वर्षावरची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. त्याऐवजी तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची नक्कल काढा. गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात, आणि जातपडताळणीसाठी या नकला नेहमी निघत असल्याने कारकुनाला ते नाव नवीन नाही. ते पान फाटलेलं किंवा गहाळ असेल तर वारस फेरफाराची नक्कल घ्या. ‘खातेदार मयत, सबब खालील वारसांची नावे दाखल’ ही नोंद सरकारी दप्तरातलीच आहे. दोन्ही मिळाल्या तर दोन्ही जोडा, सोबत साधं प्रतिज्ञापत्र द्या. बाकी ओळखपत्र, कोर्ट फी स्टॅम्प आणि शोध फी. त्यात कोणी अडत नाही.

पुस्तक ३ तुम्हाला स्वतः चाळता येत नाही, शोध नोंदणी अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. म्हणून अर्जात जेवढं लिहाल तेवढंच शोधलं जाईल. नुसतं आडनाव लिहिणं ही सर्वांत महागडी चूक. जुन्या दस्तांत बहुधा आडनाव नसतंच. ‘अमका वल्द तमका, जात अमुक, धंदा शेती, रा. मौजा अमुक’ अशी ओळख असते. ‘वल्द’पुढचं नाव बापाचं. बाईच्या नावापुढे ‘जौजे’ असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं, आणि ‘बेवा’ असेल तर नवरा त्या तारखेआधी वारला होता, हेही आपसूक कळतं. अर्जात पाळण्यातलं नाव, घरात हाक मारायचं नाव, बापाचं नाव, जात, मौजा आणि जुनी तहसील असं सगळं द्या.

वर्षाचा घोळ मुदतीच्या गैरसमजातून होतो. इतर दस्त सहीपासून चार महिन्यांत नोंदणीला द्यावे लागतात, तोच नियम लोक मृत्युपत्राला लावतात आणि मृत्यूचं एकच वर्ष शोधायला सांगतात. मृत्युपत्राला ही मुदत नाही. कलम २७ प्रमाणे ते केव्हाही नोंदवता येतं. लिहून देणारा वारल्यावर मृत्युपत्र अमलात आणायला त्याने नेमलेला व्यवस्थापक किंवा ज्याला काही मिळायचं आहे तो माणूसही नोंदवू शकतो. भाऊबंदकी पेटल्यावर कागद बाहेर येतो, तोवर बरीच वर्षं गेलेली असतात. म्हणून मृत्यूच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वर्षं मागा. फी वाढेल, पण ‘आढळून आले नाही’ या उत्तराला मग काही अर्थ राहील. बंद लिफाफ्यात ठेवलेली मृत्युपत्रं पुस्तक ५ मध्ये, जिल्ह्याच्या निबंधकाकडे असतात. तिथे वेगळा अर्ज लागतो.

कार्यालय आजच्या जिल्ह्यावरून ठरवू नका. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीचं दप्तर जुन्या ठिकाणी असू शकतं, म्हणून दोन्हीकडे विचारा. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता. कागदावर ‘मध्यप्रदेश शासन’ दिसलं म्हणून तो परका समजू नका. ऑनलाइन ई-सर्चवर मृत्युपत्र शोधण्यात दिवस घालवू नका, तो सूची दोनच्या, म्हणजे जमीन-घराच्या दस्तांसाठी आहे.

प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याचं, प्रकरण शोधायचा आग्रहही सोडा. हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती होती ती मुंबई, मद्रास, बंगालच्या हद्दीत. विदर्भात नव्हती, त्यामुळे इथे अशी प्रकरणं थोडीच सापडतात. मात्र कर्ज, ठेवी किंवा शेअर सोडवायला कोणी वारसा प्रमाणपत्र काढलं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या दिवाणी न्यायालयाचं ते प्रकरण अवश्य पाहा. त्या अर्जात मयताच्या कुटुंबाची, जवळच्या नातेवाइकांची नावं आणि त्यांची राहण्याची ठिकाणं द्यावीच लागतात. कोण कोणत्या गावी गेलं, हे इतकं नीट दुसऱ्या कागदात क्वचितच मिळतं.

मृत्युपत्र निघालंच नाही तर महसूल दप्तर आहे. इथे वऱ्हाड आणि नागपूरकडचे जिल्हे यांत गल्लत करू नका. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाण्यात (वऱ्हाडात) रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला देई. तिथे गाव नमुना ६ (फेरफार) आणि ६-क (वारस नोंदवही) मागा. अकोला, अमरावतीचे बरेच जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर पाहता येतात. मोडीतलं पान आलं तर वाचणारा सोबत ठेवा. सातबाऱ्यावरचं ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या एकट्याच्या नावामागे सगळे भाऊ दडलेले असतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा (अल्पवयीन मुलाचा) पालनकर्ता, बहुधा आई किंवा चुलता. त्यावरून बाप लेकरं लहान असतानाच गेला असावा, असा माग लागतो.

नागपूर, वर्धा, भंडारा, चांद्याकडे (आजचं चंद्रपूर) १९५१ पर्यंत मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला भरी. मालगुजाराचं घराणं असेल तर खेवट (गावाच्या मालकी हिश्श्यांची नोंद) आणि मालगुजारी गेल्यावरची मोबदल्याची प्रकरणं मागा. अमरावतीत खेवट मागाल तर अर्ज परत येईल. खेवटात गाव सोळा आण्यांचं धरून हिस्से लिहितात, आणि त्या आकड्यांतच वंशावळ असते. बारा पैंचा एक आणा. तिघांना ५ आणे ४ पै लिहिले असतील तर ते तीन सारखे वाटे आहेत, बहुधा तीन भावांचे. पुढच्या नोंदीत दोघांना २ आणे ८ पै दिसले, तर ते त्यांतल्या एकाचे दोन मुलगे असण्याचा संभव मोठा. हिस्सा विकलाही जातो, म्हणून ‘वल्द’पुढचं नाव जुळतं का ते पाहूनच झाडावर नाव चढवा.

मृत्युपत्राची नक्कल हाती आली की मालमत्तेच्या आधी साक्षीदार वाचा. १९२७ पासूनच्या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतातच, आणि त्यात पुष्कळदा मामा, मेहुणा किंवा व्याही असतो. आजीच्या माहेरचा पत्ता तिथून लागतो.

लेकी मात्र हरवतात. १७ जून १९५६ ला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होण्याआधी मुलगे असताना मुलींना सहसा वाटा नव्हता, म्हणून वारस फेरफारात त्यांची नावंच नाहीत. ६-क मध्ये चार मुलगे दिसले म्हणून ‘बहीण नव्हती’ असं वंशावळीत लिहू नका. कोतवाल बुकाच्या जन्मनोंदी बापाच्या नावावरून पाहा. तिथेही कधी कधी नुसतं ‘मुलगी’ एवढंच लिहिलेलं असतं. तरी तारीख मिळते, आणि तेवढ्यावर तिची जागा वंशावळीत मोकळी ठेवता येते.