जंगल तोडलं नाही, म्हणून हक्क नाही

बोर्निओ बेटावरच्या सारावाक या मलेशियन राज्यात, बाराम आणि लिंबांग नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत पेनान लोक राहतात. आज बहुतेकांनी वस्ती करून भातशेती धरली आहे. आधीच्या पिढ्या मात्र शिकार आणि रानातल्या साबुदाण्यावर जगल्या. (आपला उपासाचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, हा ताडाच्या कुळातल्या झाडाचा.)

हे झाड डोंगरउतारावर बांबूसारखं बेटाबेटाने वाढतं. फुलोरा येण्याआधी खोडात पिष्ट भरलेलं असतं, तेव्हा पेनान फक्त जून खोडं तोडतात, कोवळे फुटवे राखतात आणि मुक्काम हलवतात. काही वर्षांनी परतावं तर बेट पुन्हा भरलेलं! कुणी एखादं बेट, फळझाड किंवा फुंकनळीच्या बाणांना लागणाऱ्या विषाचं झाड हेरलं की त्यावर खूण करतो. याला ते ‘मोलोंग’ म्हणतात. खूण केलेलं झाड इतर लोक विचारल्याशिवाय तोडत नाहीत, आणि हा हक्क मुलानातवंडांकडे जातो. कुंपण नाही, सातबारा नाही, तरी मालकी पक्की. राखणही त्यातच आली.

कायद्याला मात्र ही मालकी दिसत नाही. सारावाकच्या 1958 च्या जमीन कायद्यानुसार वहिवाटीचा हक्क मुख्यतः 1 जानेवारी 1958 पूर्वी जंगल तोडून जमीन वहिवाटली असेल तरच मिळतो. फळझाडं लावणं, दफनभूमी असणं हेही पुरावे चालतात. पण भटके पेनान रानातलीच झाडं जपत आले, आणि कुणी वारलं की तो मुक्काम सोडून पुढे जात. म्हणजे ज्यांनी जंगल राखलं, त्यांच्याच हाती दाखवायला काही उरलं नाही. हा अन्याय कायद्याच्या मांडणीतच आहे.

त्या कागदोपत्री कोऱ्या जागेत लाकूड कंपन्या शिरल्या. 1987 मध्ये पेनान लोकांनी बांबू-लाकडांचे अडसर घालून त्यांचे रस्ते अडवले. त्याच वर्षी सरकारने असे रस्ते अडवणं हाच गुन्हा ठरवला.

पुढे गावोगावच्या पेनान लोकांनी ओढे, जुने मुक्काम, साबुदाण्याची बेटं नोंदवत नकाशे तयार केले. 2017 मध्ये ते प्रसिद्ध झाले. जमीन कायद्याच्या 2018 मधल्या दुरुस्तीने सामूहिक वनप्रदेशाला मान्यता दिली, पण कमाल 1,000 हेक्टरपर्यंत, म्हणजे फक्त 10 चौरस किलोमीटर. फुटवे वाढेपर्यंत दुसऱ्या डोंगरावर जाणाऱ्या भटक्या टोळीचा वावर याहून कितीतरी मोठा असतो.