डिस्क उडालेली नाही, पत्त्याचा हिशेब बदललाय

यूएसबीच्या डब्यातली हार्ड डिस्क एक दिवस दिसेनाशी होते. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतला किंवा राजारामपुरीतला दुरुस्तीवाला डबा उघडून आतली डिस्क थेट मदरबोर्डला जोडतो. डिस्क फिरते, आवाज नीट येतो, आकारही बरोबर दिसतो. पण विंडोज म्हणतं, आधी फॉरमॅट करा. मग ‘डिस्क उडाली’ असं निदान होतं आणि लग्नाचे फोटो, मार्केट यार्डातल्या गूळ अडत्याचे हिशेब, सगळ्यावर पाणी सोडलं जातं. बऱ्याचदा यातला एक बाइटही हललेला नसतो. हे असं का होतं, याची गोष्ट चाळीस वर्षांमागून सुरू होते आणि मला ती फार आवडते.

डिस्कमध्ये तबकड्या असतात. प्रत्येक पृष्ठभागावर वाचणारं एक हेड, पृष्ठभागावर वर्तुळाकार ट्रॅक आणि ट्रॅकचे ५१२ बाइटचे तुकडे म्हणजे सेक्टर. सगळ्या पृष्ठभागांवरचे एकाच अंतरावरचे ट्रॅक मिळून एक सिलिंडर. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमधल्या डिस्कला ३०६ सिलिंडर, ४ हेड आणि प्रत्येक ट्रॅकवर १७ सेक्टर होते. गुणाकार करा : १,०६,५३,६९६ बाइट, म्हणजेच त्या काळची ‘१० एमबी’. तेव्हा ही भूमिती खरी होती. सिलिंडर, हेड, सेक्टर हे तीन आकडे सांगितले की डिस्कवरची नेमकी जागा सापडायची.

पुढे अडचण झाली ती आकड्यांना राखून ठेवलेल्या जागेची. बायोसने, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामने, सिलिंडरला १० बिट (०-१ चे दहा अंक, म्हणजे १०२४ पर्यंतच मोजणी), हेडला ८ आणि सेक्टरला ६ बिट दिले होते. आयडीई या जोडणीच्या डिस्कच्या नियमात सिलिंडरला १६, हेडला ४ आणि सेक्टरला ८. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ऐसपैस, पण एकत्र आल्या की प्रत्येक बाबतीत लहान आकडाच चालतो. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर (सेक्टरची मोजणी १ पासून होते, म्हणून ६४ नव्हे). झाले ५२,८४,८२,३०४ बाइट. त्यापुढची डिस्क असून नसल्यासारखी.

यावर निघालेला तोडगा म्हणजे भूमितीचं रूपांतर. डिस्क म्हणते, माझे सिलिंडर २००० आणि हेड १६. बायोस वरच्या प्रोग्रामना सांगतो, सिलिंडर १००० आणि हेड ३२. गुणाकार तोच, आणि दोन्ही आकडे आता मर्यादेत बसतात. हेच ताणत ताणत हेड २५५ पर्यंत गेले. खऱ्याखुऱ्या २५५ हेडना १२८ तबकड्या लागतील. तुमच्या डिस्कमध्ये दोन-चारच असतात. शिवाय बाहेरच्या लांब ट्रॅकवर आतल्यापेक्षा जास्त सेक्टर बसवले जातात, त्यामुळे ‘प्रत्येक ट्रॅकवर ६३’ हेही खरं नाही. म्हणजे कुठलीच भूमिती खरी उरली नाही. उरला तो सेक्टरचा अनुक्रमांक आणि त्याचे तीन आकड्यांत भाग पाडण्याचा एक करार.

करार दोघांचा सारखा नसेल तर काय होतं? राजारामपुरीत पत्ता गल्लीच्या क्रमांकावरून सांगतात. समजा ‘पाचवी गल्ली, तिसरं घर’ एवढंच लिहिलंय. प्रत्येक गल्लीत १६ घरं धरणारा माणूस पहिल्यापासून मोजत ६७ व्या घराशी थांबेल, २५५ धरणारा १०२३ व्या. पत्ता एकच आणि मोजणी दोघांचीही बिनचूक. डिस्कवर सिलिंडर १००, हेड १, सेक्टर १ हा पत्ता १६ हेडच्या हिशेबाने १,००,८६३ क्रमांकाच्या सेक्टरवर नेतो. २५५ च्या हिशेबाने १६,०६,५६३ वर. मधलं अंतर ७७ कोटी बाइटचं!

त्यात डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधल्या तक्त्यात प्रत्येक विभाजनाची (पार्टिशनची) जागा दोन प्रकारे लिहिलेली असते : एकदा तीन आकड्यांत, एकदा सरळ अनुक्रमांकाने. डॉस ही विंडोजआधीची प्रणाली पहिली नोंद मानायची, लिनक्स ही मोफत प्रणाली दुसरी मानते. २००४ मध्ये फेडोरा कोअर २ ही लिनक्सची आवृत्ती आली, तेव्हा यामुळे मोठा गोंधळ झाला. लिनक्सच्या २.६ कर्नेलने (गाभ्याने) बायोसची भूमिती विचारणं सोडलं होतं. इन्स्टॉलरने तक्ता लिहिताना १६ हेडचा हिशेब लावला आणि त्याच डिस्कवरचं विंडोज एक्सपी सुरू होईना. ‘लिनक्सने विंडोज खाल्लं’ ही समजूत अशाच प्रसंगांनी पक्की केली. डेटा जागेवरच होता. २५५ हेड धरून तक्ता पुन्हा लिहिला की एक्सपी सुरू व्हायचं.

खंडेनवमीला संगणकाची पूजा जरूर करा, ती आपल्या हत्याराबद्दलची कृतज्ञता आहे. पण डिस्कला नजर लागत नाही, अमावास्येला ती बिघडत नाही, आणि ‘शंभर टक्के रिकव्हरी’ची जाहिरात करणाऱ्या प्रोग्रामजवळही मंत्र नसतो. त्याच डिस्कवर असा प्रोग्राम बसवून लिहायला लावलं, तर शाबूत डेटा मात्र खरोखर जाईल.

आता त्या यूएसबीच्या डब्याकडे वळू. आज सगळे अनुक्रमांकच वापरतात, पण जुन्या तक्त्यात त्याला ३२ बिट आहेत. ५१२ बाइटच्या सेक्टरने ते सुमारे २.२ टीबीलाच संपतात. मोठी डिस्क एक्सपीवरही चालावी म्हणून काही डब्यांतली चिप आठ सेक्टर एकत्र करून ‘माझा सेक्टर ४०९६ बाइटचा’ असं सांगते. विभाजन २५६ व्या सेक्टरपासून सुरू झालं, तर डब्यात ती जागा १०,४८,५७६ व्या बाइटवर. डिस्क बाहेर काढली की मदरबोर्ड त्याच २५६ ला ५१२ ने गुणतो, १,३१,०७२ व्या बाइटवर बघतो आणि तिथं त्याला काही सापडत नाही.

म्हणून ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइझ’ दाबू नका. त्याच मॉडेलचा चालू डबा मिळवून त्यात डिस्क घाला. काही डब्यांतली चिप डेटा कूटबद्धही करते. तिथं तशीच चिप लागते. कूटबद्ध नसेल तर लिनक्समध्ये लॉसेटअप (losetup) ही आज्ञा फक्त वाचण्यापुरती वापरून सेक्टरचा आकार ४०९६ सांगता येतो. बहुतेकदा सगळे फोल्डर समोर येतात आणि ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतात.