चकतीवरचा ८० चा आकडा

डिचोलीतल्या आमच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीने लोखंड कापायचं-घासायचं मशीन, देत नाही, कटिंगची चकती देतो. म्हणतो, आधी ही वाच. मधल्या पत्र्याच्या कड्यावर तारीख, बाजूला ‘८० मीटर प्रति सेकंद’, खाली आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे. यातली प्रत्येक खूण कुठून ना कुठून आली आहे, आणि ते कळलं की कुठल्या मशीनला कुठली चकती हे वेगळं शिकवावं लागत नाही.

धार लावायला कुरुंदाचा दगड आपल्याकडे पूर्वापार. ‘कोरंडम’ हे नावही दक्षिण भारतातूनच युरोपात गेलं. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसनने माती आणि कोक (भाजलेला दगडी कोळसा) यांच्या मिश्रणात वीज सोडली आणि हाती आले सिलिकॉन कार्बाइडचे चमकदार कण. त्याला त्याने ‘कार्बोरंडम’ म्हटलं. पुढे विजेच्या भट्टीत बॉक्साइट वितळवून कृत्रिम कुरुंदही होऊ लागला. चकतीवरचा ‘ए’ म्हणजे हा कुरुंद, लोखंडासाठी. ‘सी’ म्हणजे कार्बाइड, दगड-लादीसाठी. लोखंडावर ‘सी’ चालवली तर ती बघता बघता झिजते.

दाणे मिळाले, पण ते धरून ठेवायचे कशाने? भाजलेल्या मातीची चकती पातळ केली की जरा तिरका दाब पडताच फुटते. रसायनतज्ज्ञ बेकलंडच्या १९०७ च्या शोधातून कृत्रिम राळ आली, नंतर तिच्यात काचतंतूंची जाळी बसली. आज एक मिलिमीटर जाडीची चकती हातात धरता येते ती त्यामुळे.

मशीनची वाट वेगळी. स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये हातात धरायचं विजेचं ड्रिल काढलं. वेगवान अँगल ग्राइंडर मात्र १९५४ चा, फ्लेक्स या जर्मन कंपनीचा. त्याच वर्षी मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल सुरू झाली.

गोव्यात वास्कोची गोदी पोर्तुगीज काळातली, १९५७ ची. खनिज वाहणाऱ्या बार्जींमुळे, म्हणजे सपाट बोटींमुळे, मांडवी-झुआरीच्या काठाने लोखंडकाम वाढलं. जाड प्लेट गॅसने कापायची. बाकी सगळं एक्सो ब्लेडने, म्हणजे हातकरवतीने. बाबा दीड इंची अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टी, कापायचे तेव्हा मध्ये दोनदा हात बदलायचे.

आता तो ८० चा आकडा. हा चकतीच्या कडेचा जास्तीत जास्त वेग. चार इंची चकतीला तो सुमारे १५,३०० आरपीएमवर गाठला जातो, सात इंचीला ८,५०० वर, चौदा इंचीला ४,३०० वर. चकती मोठी तसं मशीन हळू हवं. एका बार्ज दुरुस्तीच्या जागी मी स्वतः पाहिलंय: गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, काढलेला, आत रिंग घालून चार इंची मशीनवर नवी सात इंची चकती चढवलेली. मशीन ११,००० चं. चकती फुटली आणि तुकडा शेडच्या पत्र्यात रुतला. तिथे माणूस नव्हता, एवढंच. आमच्याकडे गार्ड काढलेलं मशीन कोणी हातात घेतलं की मी प्लग काढतो.

किनाऱ्याकडच्या बंगल्यांना हल्ली स्टेनलेसची रेलिंग लागतात. लोखंडावर वापरलेलीच चकती तिथे चालवली तर लोखंडाचे कण चिकटतात आणि खाऱ्या हवेत पहिल्याच पावसात तांबडे डाग उमटतात. त्यासाठी ‘स्टेनलेस’ असं छापलेली पातळ चकती वेगळी ठेवायची.

आणि कड्यावरची तारीख: राळ ओलीने कमकुवत होते. म्हणून मृगाआधीच आम्ही चकत्या झाकणाच्या डब्यात आडव्या रचतो, आणि तारीख उलटलेल्या दोन तुकडे करून टाकतो.